हलगी जरा जास्तच झाली

“हलगी कमी करावी लागंल,” प्रितम फोनवर म्हणाला. “अल्बमच्या कंपनीवाले मागं लागलेत. दुपारपर्यंत नवीन मिक्सिंग पाठवायचंय. तू हो म्हण, बस.”

 बदनापूरच्या घराच्या ओट्यावर पायल सकाळपासून लोकांनी लिहिलेलं वाचत बसली होती. बँडचा लाईव्ह अल्बम येऊन चारच दिवस झाले होते. जालन्याच्या एका मैदानावर ते तीन तास गायले-वाजवले होते, तेच जसंच्या तसं रेकॉर्ड केलेलं. प्रितमची गिटार, सूरजचा बेस, पायलची हलगी. अल्बम चाळीस हजार जणांनी ऐकला होता आणि त्यातल्या निम्म्यांना तरी हलगीबद्दल काहीतरी म्हणायचं होतं.

‘दुसऱ्या गाण्यात हलगी सुरू झाली अन् हातातला चहा सांडला.’ ‘गिटार कुठंय भाऊ? नुसती वरात चाललीय.’ ‘ताई, तुमच्यामुळं शेजाऱ्यांशी भांडण झालं, तरी बंद केलं नाही.’ ‘बाकी मस्त, पण हलगी जरा जास्तच झाली.’ या शेवटच्या वाक्याला नऊशे लाईक होते. ते वाचून पायल हसली होती.

एका कमेंटवर मात्र ती अडकली. ‘आपल्या बापजाद्यांनी जी खाली ठेवली, ती तू पुन्हा खांद्याला लावली. आजोबांना विचारलं होतं का?’

विचारलं नव्हतं.

तिचे आजोबा भिवा, घरातले आबा, पोरवयात बापाबरोबर गावात हलगी वाजवायचे. वाजवावीच लागायची. कुणाची वरात असो, कुणाची मयत असो, सांगावा आला की निघायचं. धम्म घेतल्यावर काही वर्षांनी वस्ती एकत्र बसली आणि ठरलं, हे काम आजपासून बंद. त्या दिवशी घरोघरच्या हलग्या चुलीत गेल्या. सोळा वर्षांच्या भिवानं आपली हलगी स्वतःच्या हातानं घातली. गावानं पाणी तोडलं, मजुरी तोडली. आठ महिने. वस्ती हलली नाही. पायल ही हकिकत ऐकतच मोठी झाली होती. म्हणून तर घरी तिनं ‘बँडमध्ये ड्रम वाजवते’ एवढंच सांगितलं होतं. हलगी प्रितमच्या घरी राहायची. कार्यक्रमाच्या आधी कातडं ताठ व्हावं म्हणून पायल ती केस वाळवायच्या मशीननं तापवायची.

“पायल, ऐकून राह्यली ना?”

“कर कमी,” ती म्हणाली.  “न्हाईतर काढूनच टाक.”

तेवढ्यात फाटक वाजलं. आबा विहारातून आले होते. रोज अकरापर्यंत तिथं पेपर वाचत बसणारा माणूस आज साडेनवालाच परत आला होता. त्यांनी चपला काढल्या, काठी भिंतीला लावली आणि तिच्यासमोर खाटेवर बसले.

“चौघंजण मोबाईल घेऊन आल्ते विहारात,” ते म्हणाले. “तुमची नात काय करून राह्यली ऐका, म्हणले. ऐकलं मी. तूच वाजवली?”

दारात तिची आई, संध्या, येऊन उभी राहिली होती. तिनं आजोबांच्या पाठीमागून मान हलवली. नाही म्हण.

पायल उठून उभी राहिली. फोन तसाच हातात होता, चालू.

“मीच वाजवली, आबा. तुम्ही टाकली ते बराबरच केलं. मी तुमच्या जागी असते तर मीबी चुलीतच घातली असती. पण आता मी सोडणार न्हाई. बिलकुल न्हाई. तुला घरात ठेवत न्हाई म्हणले तरी न्हाई.”

“पायल!” संध्या पुढं आली. आबांनी हातानंच तिला थांबवलं.

“वाजवायला ये म्हणून सांगावा कुणाचा आल्ता?”

“कुणाचाच न्हाई. आम्हीच ठरवलं. आम्हीच लोकांना बोलावलं.”

“तू कुठं उभी व्हतीस?”

“उभी नव्हते. माईकपुढून हलायचं न्हाई म्हणून स्टुलावर बसले होते. स्टेजच्या मधोमध.”

“आन् ऐकणारे?”

“ते उभे. तीन तास. खुर्च्याच नव्हत्या मैदानात.”

 आबा अंगणातल्या उन्हाकडं बघत राहिले. पायलला वाटलं, आता ते उठून आत जातील आणि पुन्हा आपल्याशी बोलणार नाहीत.

“मांडवाच्या भायेर उभं करायचे आम्हाला,” ते शेवटी म्हणाले. “उन्हात. आतल्या पंगती उठेपर्यंत. माझा बाप तीस वर्षं उभ्यानं वाजवत राह्यला, पोरी. एकानंबी त्याला बस म्हणलं न्हाई.” मग त्यांनी हात पुढं केला. “फोनवर कोण हाय?”

“प्रितम. हलगीचा आवाज कमी करायचाय त्याला. लोकांना जास्त वाटली.”

त्यांनी फोन घेतला, कानाला घट्ट लावला.

“प्रितम, मी भिवा बोलतो. पायलचा आजा.”

“जयभीम आबा!” पलीकडून घाईघाईनं आवाज आला. “मी ऐकलं सगळं. तुम्ही काळजी करू नका, हलगी मी आत्ताच कमी करतो...”

“कमी न्हाई. वाढव,” आबा म्हणाले. “मला कमी ऐकू येतं. आन् आमच्या गावाला माझ्याहूनबी कमी.”