बसलेल्या घशासाठी

नवऱ्याने तिला न विचारता तिची शिवणाची खोली धाकट्या भावाला देऊन टाकली, तेव्हा ती दोन दिवस कडाकडा भांडली. त्या खोलीत मशीन चालवूनच तिने दोन्ही मुलींची शिक्षणं केली होती. तिसऱ्या दिवशी सकाळी तिने तोंड उघडलं, तर आवाजच फुटेना. मग तिने भांडी आपटली, कपाटाची दारं आपटली, पण मनासारखं काही बोलता येईना.

जन्मात कधी गॅसपाशी न गेलेला नवरा बिचकत स्वयंपाकघरात शिरला. त्याने दूध उतू घालवलं, ओटा पिवळा केला, मिरी कुटताना बोटही कुटून घेतलं आणि हळदीच्या गुठळ्या तरंगणारा कप तिच्यापुढे आणून धरला.

"घे गं. गरम आहे तोवर पी. गूळही घातलाय."

व्हरांड्यात काढून ठेवलेल्या मशीनकडे बघत तिने घोट घेतला.

"भाऊ काय परका आहे का?" तो समजुतीने म्हणाला. "आणि मशीनला काय, कोपरासुद्धा पुरतो."

ती गुठळ्यांसकट सगळं दूध प्यायली. त्याला हायसं वाटलं.

"गेला ना राग?"

तिने खाकरून घसा मोकळा केला. आवाज अजून घोगरा होता, पण कामापुरता आला होता.

"भावजींना फोन लावा. खोली मिळणार नाही, हे मीच सांगते. तोवर तुम्ही ओटा पुसा."