चार दिवसांची स्पर्धा

“गेनबा, थांबव ते यंत्र. यंदा स्पर्धा नाही,” गोल्फ मैदानाचे मॅनेजर राजवाडे म्हणाले. “प्रायोजकांनी हात वर केले. आशियाभरचे खेळाडू यायचे, ते तीन वर्षांतच आटोपलं. सुटलास बघ पहाटेच्या रगाड्यातून!”

गेनबानं यंत्र बंद केलं. भोकाभोवतीचं गवत रोज पहाटे तीन मिलिमीटरवर कापायचं, आणि ते कसब त्याच्याच हातात होतं. गेल्या वर्षी स्पर्धेच्या पहिल्याच दिवशी बायकोच्या, हौसाच्या, पोटात दुखू लागलं. “चार दिवस कळ काढ,” तो म्हणाला होता. “रविवारी कप दिला की सोमवारी दवाखान्यात नेतो.”

“माझ्यापेक्षा गवताचीच काळजी तुम्हाला,” ती हसून म्हणाली आणि पोटाला फडकं बांधून पडून राहिली. सोमवारी डॉक्टर म्हणाले, “आतडं फुटून दोन दिवस झाले. शुक्रवारी आणलं असतंत तर वाचल्या असत्या.” बुधवारी ती गेली.

“साहेब, गेल्या वर्षी जिंकलं कोण?” गेनबानं विचारलं.

राजवाड्यांनी कपाळ चोळलं. “कोरियाचा होता वाटतं. नाही, थायलंडचा. अरे, आता कोणाला आठवतंय!”

गेनबानं खूप आठवून पाहिलं. शेवटचा चेंडू भोकात पडला तेव्हा तो दहा हातांवर उभा होता. सगळ्यांबरोबर त्यानं टाळ्याही वाजवल्या होत्या. पण त्या माणसाचं तोंड काही केल्या डोळ्यांपुढे येईना.