सासूबाईंचं ब्लँकेट

रविवारी झुंगूंच्या खोलीतला घुमारा गेला. तो होता हेच मंडळाला कधी मान्य नव्हतं. त्यामुळे तो गेलाही नाही, असं धरावं.

दक्षिण आफ्रिकेतल्या क्वामाशूच्या, तबकड्या ऐकायला जमणाऱ्या जॅझ मंडळातले सगळे म्हातारे सभ्य. झुंगूंची फरशी गुळगुळीत, भिंती उघड्या. खर्जाचा सूर कोपऱ्यात जायचा आणि बैलासारखा हंबरत परत यायचा. मंडळ दोष तबकडीवरच्या वादकाला द्यायचं. गेल्या खेपेला मात्र मंडळातला सिबिया म्हणाला, "यापुढे माझ्याकडेच जमू. आमची उठबस करून तुझ्या गुडघ्यांना त्रास नको." झुंगूंचे गुडघे ठणठणीत होते.

म्हणजे इथली ही शेवटचीच बैठक. त्यात येत्या शनिवारी मुलीचं, थोबेकिलेचं लग्न. नवरीनं सासरच्यांना द्यायची ब्लँकेटं, उशा, गवती चटया, सगळं याच खोलीत रचलेलं.

"दाटीवाटीनं बसा रे," म्हणत झुंगूंनी तबकडीवर सुई टेकवली.

खर्ज आला आणि जिथं थांबायला हवा तिथंच थांबला. तारेवरून बोट घसरलेलंसुद्धा ऐकू आलं. सिबियानं हॅट काढली. ती तो फक्त मयताला काढतो.

"यंत्र नवं घेतलंस?"

"नाही."

"मग वादक सुधारला." वादक वारून बरीच वर्षं झाली होती.

तेवढ्यात झुंगूंची थोरली बहीण आत आली. "सासूबाईंच्या ब्लँकेटाला टेकून बसलात? लाज आहे का काही?" तिनं भिंतीलगतची थप्पी उचलली. बैल परत आला.

"ठेवा ते!" सगळे एकदम ओरडले.

"राहू दे, आत्या." दारात चहा घेऊन थोबेकिले उभी होती. "मीच लावलंय सगळं. बाबा बाहेर गेले की मी तबकडी लावायचे, आणि चटया हलवत बसायचे. घुमायचं थांबेपर्यंत."

झुंगू मधल्या खुर्चीतून उठले. तिच्यात त्यांच्याशिवाय कुणी कधी बसलं नव्हतं. मुलीला तिथं बसवून त्यांनी सुई पुन्हा सुरुवातीला नेली. चहा सिबियानं वाटला.

"पुढची बैठक इथंच," निघताना तो म्हणाला. "हल्ली माझेच गुडघे दुखतात."

मग मंडळानं वरपक्षासाठी एकमतानं ठराव केला: आहेर पोचल्याचं समजावं, मात्र तो नेण्याची तसदी घेऊ नये, आणि हीच सवलत कृपया मुलीलाही लागू करावी.