दोन सूत

“आजोबा, भिंत पुढे वाकलीय.”

परांचीवर मिस्त्रीचा हात थांबला. थापीवरचा सिमेंटचा माल खाली टपकला. त्याची सहा वर्षांची नात समोर वाळूच्या ढिगावर पालथी पडली होती आणि एक डोळा मिटून भिंतीकडे बघत होती. शाळेला सुट्टी, म्हणून सकाळपासून इथेच. चाळीस वर्षं भिंती चढवणाऱ्या माणसाला असं तोंडावर सांगायची आजवर कुणाची टाप नव्हती. माल कालवणाऱ्या बाईने हसू दाबायला पाठ फिरवली.

पलीकडच्या कोपऱ्यात विटा लावणारा मिस्त्रीचा मुलगा, पोरीचा बाप, घाईघाईने म्हणाला, “गप बस गं. काम चाललंय.” आणि त्याने तिला पुऱ्या नावाने दटावलं.

ते नाव मिस्त्रीच्या आईचं. पाच अक्षरांचं, जुन्या घडणीचं, पोरीच्या अंगाला चार मापं मोठं. मिस्त्रीने ते हट्टाने ठेवायला लावलं आणि वर पहाराही बसवला. छकुली, बबडी, चिऊ, सगळ्यांना दारातूनच वाटेला लावलं. “माझ्या आईच्या नावाला कात्री लावायची नाही,” एवढंच म्हणायचा. सुनेची मात्र पंचाईत. हाक पुरी होईपर्यंत पोर रस्त्यापलीकडे पोचलेली असायची.

“कुठे वाकलीय?” मिस्त्रीने विचारलं.

“वर. खाली नीट आहे.”

“बाबा, पोरखेळ आहे,” मुलगा म्हणाला. “तुम्ही लावा पुढचा थर.”

मिस्त्री परांचीवरून उतरला. “ओळंबा दे.”

मुलगा जागचा हलला नाही. दुसऱ्यांच्या भिंतींना मिस्त्री दिवसातून दहा वेळा ओळंबा लावायचा आणि केसाएवढ्या फरकासाठी गवंड्यांना फैलावर घ्यायचा. स्वतःच्या भिंतीला लावून मात्र त्याला कैक वर्षं झाली होती. आपला डोळा चुकत नाही, ही त्याची खात्री. कामावरच्या सगळ्यांनी ती मान्य केली होती, म्हणजे तसं दाखवलं होतं.

त्याने स्वतःच पिशवीतून ओळंबा काढला. वरच्या विटेला दोरीची लाकडी चकती टेकवली आणि लोखंडी गोळा खाली सोडला. गोळा झुलत राहिला. मिस्त्रीने घाई केली नाही. गोळा स्थिर झाला तेव्हा तो भिंतीला अलगद लागायला हवा होता. लागला नव्हता. मध्ये फट होती. मिस्त्री वाकला आणि फटीत करंगळीचं नख घालून बघितलं.

“दोन सूत,” तो म्हणाला. “पाव इंच.”

मुलगा थापीवरचा वाळलेला माल खरवडत बसला.

“तुला दिसलं होतं?”

“प्लास्टरमध्ये सांभाळून घेतलं असतं, बाबा.”

“याआधी किती भिंती सांभाळल्यास?”

मुलाने मान वर केली नाही. मिस्त्रीला वर्षभरातली कामं आठवली. आपल्या भिंतींवर प्लास्टर इतकं जाड का बसतंय, म्हणून तो मुलावरच डाफरला होता. मुलाने सगळं निमूट ऐकून घेतलं होतं. आता मिस्त्रीला लाज वाटली, कान गरम झाले.

पोर एव्हाना वाळूवरून उठली होती. सगळे गप्प, म्हणजे आपलंच काहीतरी चुकलं, असा तिचा समज झाला. फ्रॉकची वाळू झटकत ती म्हणाली, “मी खोटं नाही बोलले.”

“नाहीच बोललीस.” मिस्त्री तिच्याकडे बघत राहिला. एवढीशी पोर. दहा हात लांबून, उपडी पडून, दोन सूत पकडले तिने. वर सांगताना घाबरली नाही. बापाने डोळे वटारले तरी शब्द मागे घेतला नाही. लाज अजून होतीच, पण आता ऊर अभिमानाने भरून येत होता आणि चेहरा कोरा ठेवणं त्याला जमेना.

मग त्याने हातोडी घेतली आणि वरचे पाच थर स्वतःच्या हाताने उतरवले. मुलगा मदतीला पुढे आला तर त्याला म्हणाला, “तू विटा साफ कर. पाडतो मीच.”

चार वाजता घराची मालकीण आली. ती कॉलेजात शिकवायची आणि रोज सुटल्यावर चक्कर टाकायची. काल डोक्याएवढी बघितलेली भिंत आज छातीपर्यंत उतरलेली बघून ती दारातच थबकली.

“मिस्त्री, हे काय? बांधलेलं उतरवलंत?”

“वाकली होती.”

“कुणी बांधली होती?”

माल कालवणाऱ्या बाईचं फावडं थांबलं. मुलगा चटकन पुढे झाला, पण मिस्त्रीने त्याला हातानेच मागे सारलं.

“मी.”

मालकीण भिंतीजवळ आली. “बरं झालं वेळेत लक्षात आलं तुमच्या,” ती म्हणाली.

“माझ्या नाही. हिच्या.” मिस्त्रीने सिमेंटने माखलेला हात नातीच्या डोक्यावर ठेवला. “माझी नात. वाळूवर पडून सांगितलं हिने.”

“अरे वा! नाव काय गं तुझं?”

पोरीने शिकवल्याप्रमाणे मोठा श्वास घेतला, पाचही अक्षरं एका दमात बसावीत म्हणून. पण मिस्त्री तिच्या आधी बोलला.

“ओळंबा.” त्याचा आवाज शेजारच्या बांधकामावरही पोचला असावा. “ओळंबा म्हणतात हिला.”

मुलाने चमकून बापाकडे पाहिलं. म्हणतात, असं तो म्हणाला खरा, पण तसं म्हणणारं त्या घडीपर्यंत जगात कुणी नव्हतं.

“ओळंबा?” मालकीण हसली. “हे कसलं नाव? कोण म्हणतं असं?”

“मी म्हणतो,” मिस्त्री म्हणाला.