बंद ओव्हन

"एका बाईच्या उपासापायी साऱ्या जगानं हात का आवरायचा?" नाडगौडा फोनकडे बघत करवादले. घरी पाव भाजणाऱ्यांच्या त्यांच्या ऑनलाइन गटात वीस देशांतली माणसं होती. रमजान संपेपर्यंत पावांचे फोटो टाकू नयेत, अशी विनंती इंडोनेशियाच्या सीतीनं केली होती. बाकी सगळ्यांनी ती मानली. नाडगौडांनी मात्र रोज एक फोटो टाकला, तोही लोणी चोपडलेल्या पावाचा.

"महिनाभर कुणी बघितले नाहीत, तर तुमचे पाव शिळे होणारेत का?" शालिनीबाईंनी नवऱ्याला एकदा विचारलं.

दिवाळीनंतर शालिनीबाई ध्यानीमनी नसताना गेल्या. नाडगौडांनी गटावर एवढंच लिहिलं, "पत्नी गेली. आमच्या रिवाजाप्रमाणे तेरा दिवस ओव्हन बंद राहील." आणि फोन कपाटात ठेवून दिला.

चौदाव्या दिवशी पाहुणे पांगल्यावर त्यांनी गट उघडला. शेकडो फोटो साचले असतील, असं त्यांना वाटलं होतं. त्यांच्या मजकुराखाली सीतीच्या दोन ओळी होत्या.

"मिस्टर नाडगौडांचा ओव्हन बंद आहे. तेरा दिवस आपणही फोटो टाकायला नकोत."

त्याखाली कुणीच काही टाकलेलं नव्हतं.

मग शालिनीबाईंनी आधीच आणून ठेवलेलं नव्या वर्षाचं कॅलेंडर त्यांनी उघडलं. चतुर्थ्या-एकादश्यांवर तिच्या हातच्या खुणा होत्या. त्या खुणांमधून बोट फिरवत ते रमजान कधी लागतो ते शोधू लागले.