घावामागची धाप

पडद्यावर सळईने तिसरं डोकं फुटलं, भिंतीवर रक्त उडालं, लाल अक्षरं आदळली. "दणका बसत नाही," निर्माता म्हणाला. "ट्रेलर बघताच कळायला हवं, ही प्रेमकथा नाही, कत्तल आहे!" एडिटिंगला बसलेल्या मुलीने आपल्या बाबांनी सिनेमांसाठी बनवून ठेवलेले आवाज लावले. कवटीसाठी कलिंगड, हाडांसाठी गाजरं, मांसासाठी ओलं चामडं. मुंगीही न मारणारा माणूस त्यांवर हातोडा घेऊन तुटून पडायचा. प्रत्येक घावामागे त्यांची धाप ऐकू यायची. "ती काप गं, मुडदा दचकेल," ते म्हणायचे आणि ती कापायची. ते गेल्यानंतरच्या या पहिल्या ट्रेलरमध्ये शेवटची धाप तिच्याने कापवेना. निर्माता चमकला. "हे काय?" तिने ते पुन्हा ऐकवलं. "खुनी मानेपाशी उभा वाटतोय! पडदा काळा कर, फक्त हा श्वास ठेव. आणखी लांबव." "नाही लांबत," ती म्हणाली. "एवढाच उरलाय."