लिंग ओळखा

जावयानं "चहा झाली" म्हटलं, तरी त्याला तिथल्या तिथे "झाला" असं सुधारणारे निवृत्त मराठी शिक्षक दिघे मास्तर बायकोच्या दुखण्यावरही निकाल देऊन मोकळे व्हायचे. कुमुदताईंची बोटं संधिवातानं सुजली की म्हणायचे, "बाईची जात, नाजूकच!"

मास्तरांच्या स्वतःच्या लघवीतून रक्त गेलं, ती मात्र नुसती उष्णता. पुरुषाच्या जातीला दुसरं काय होणार? मास्तर रुबाबात सब्जा पीत राहिले. शेवटी कुमुदताईंनीच त्यांना ओढत दवाखान्यात नेलं.

"मूत्राशयाचा कॅन्सर आहे, पण वेळेत सापडलाय," डॉक्टर म्हणाले. "पुरुषांमध्ये हा बराच जास्त दिसतो. बायकांची प्रतिकारशक्ती सहसा जास्त तिखट असते, हेही त्याचं एक कारण असावं. आता ताईंचीच बघा ना. इतकी जहाल, की शत्रू मिळेना म्हणून स्वतःच्याच सांध्यांवर तुटून पडलीय."

कुमुदताईंनी आपल्या नाजूक बोटांकडे प्रथमच जरा आदरानं पाहिलं.

मास्तरांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "मग माझा... माझा प्रतिकारशक्ती कुठे गेला?"

"झोपलीय. औषध देऊन उठवू तिला," डॉक्टर हसले.

कुमुदताईंनी सुजलेल्या हातानं नवऱ्याचा हात घट्ट धरला आणि त्याच्या कानाशी वाकल्या.

"'माझी' म्हणा, अहो. आणि 'कुठे गेली'. शक्ती स्त्रीलिंगी असते. पुल्लिंगी तो कॅन्सर."